बचत गटाचे हिशोब बघून द्यायचेत? मग असं करा

तुम्ही सीए असाल, बँकेत असाल किंवा एक्सेल बऱ्यापैकी येत असेल तर गावातल्या बचत गटाला तुमचा खरंच उपयोग आहे, फक्त थेट गावात जाऊन धडकू नका. आधी 'उमेद'च्या (बचत गटांसोबत काम करणारं राज्य सरकारचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) तालुका कक्षात किंवा तिथे काम करणाऱ्या संस्थेत विचारा, मग गावातल्या सीआरपी ताईंना (गटांना मदत करणाऱ्या, गावातल्याच कार्यकर्त्या) फोन करा आणि बैठकीची वेळ त्यांनाच ठरवू द्या, बायका शेतातून येऊन स्वयंपाक उरकून मग बसतात त्यामुळे तुमचा रविवार सकाळचा स्लॉट वगैरे विसरा.

पहिल्या बैठकीत लॅपटॉप बॅगेतच राहू दे. रजिस्टर मागा, बचत, कर्ज, बैठकीचा वृत्तांत, सगळं. घोळ बहुतेक वेळा व्याजात सापडतो. समजा ५००० कर्ज, महिना २ टक्के, पहिल्या महिन्याचं व्याज १००, त्यात ५०० मुद्दल फेडलं की पुढच्या महिन्याचं व्याज ९० व्हायला हवं, पण वहीत १००च चालू असतं. हे सगळ्यांसमोर "चुकलंय" म्हणून ओरडू नका, सचिव ताईंना बाजूला घेऊन त्यांच्याच पेनाने आकडेमोड करून घ्या (हिशोबनीसाचा पाणउतारा केलात तर पुढच्या वेळी वहीच मिळणार नाही). रोख शिल्लक मोजून वहीशी जुळवा, बँकेतल्या शिल्लकेचा पासबुकाशी ताळा करा.

अॅप बनवायची हौस असेल तर जरा दमानं, चांगली आखलेली वही आधी. आणि मार्चएंडला तुम्हालाच सुट्टी नसते, तेव्हा जानेवारीतच सुरू करा.