थडीच्या वावराला पावसाआधी काठाचा पट्टा सोडा

मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्यावर नागपुरात पोहोचतो. त्याआधी कन्हान, पेंच, वेणा किंवा मोठ्या नाल्याच्या थडीला वावर असलेल्यांनी शेवटची वखरणी करताना काठाचा 5 ते 10 मीटर पट्टा औताखाली आणू नये. चार ओळी जास्त पेरायला मिळतात म्हणून आपण काठापर्यंत वाहतो आणि दोन-तीन पुरांत तेवढीच जमीन नदीत जाते. काळ्या जमिनीची दरड बहुधा पूर ओसरताना कोसळते. काठ पाणी पिऊन जड झालेला असतो, बाहेरून पाण्याचा टेकू निघून जातो आणि आत धरून ठेवायला मुळं नसतात.

कन्हानेत गेलेली माती वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करते. वाटेतल्या धरणांत बरीच अडकते, उरलेली आंध्रच्या किनाऱ्यावर पोहोचते. तिथे काकीनाड्याजवळ कोरिंगाची खारफुटी आहे. तिच्या दाट मुळांत पाण्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो आणि जमीन वाढते. कोळंबीच्या तळ्यांसाठी जिथे ही झाडं तोडली, तिथे लाटांना अडवायला काही उरलं नाही.

बंगालच्या सुंदरबनाची गोष्ट आपल्याला जास्त लागू पडते. तिथे जंगल तोडून बेटांवर भातशेती केली, भोवती मातीचे बांध घातले. बांधामुळे भरतीचा गाळ आत येईना. बाहेर नदीचा तळ भरत गेला, आतली वावरं मात्र खालीच राहिली. 2009 मध्ये आयला वादळात बांध फुटले आणि खारं पाणी शेतात साचून राहिलं. घोरामारा बेटाचा तर अर्ध्याहून जास्त भाग नदीने नेला आहे.

म्हणून नाल्याच्या अगदी कडेला जेसीबीने उंच बांध घालण्याआधी विचार करा. अरुंद पात्रात कोंडलेलं पाणी वेग घेतं आणि समोरच्या नाहीतर खालच्या शेतकऱ्याचं वावर खरडतं. धुरा, म्हणजे शेताचा बांध, काठापासून आत घ्या. पुराला पसरायला जागा मिळाली की तो गाळही तिथेच टाकतो.

सोडलेल्या पट्ट्यात उताराला आडव्या ओळीत वाळा (खस गवत) लावा. दोन ठोंबांत 10 ते 15 सेंटीमीटर अंतर ठेवा, म्हणजे ओळ लवकर मिळून येते. चांगल्या जमिनीत वाळ्याची मुळं 3 मीटरपर्यंत खोल जातात. लागवड पाऊस स्थिरावल्यावर करा. काठाच्या वरच्या बाजूला कटांग बांबू, करंज, जांभूळ, अर्जुन चालतात. त्यांचे खड्डे आत्ताच खोदून ठेवा. बेशरम ही झुडपी वनस्पती फुकट आणि झटपट येते, पण ती पात्रात पसरून पाणी अडवते, ती लावू नये. पहिली दोन वर्षं पट्ट्यात गुरं सोडू नका. एवढी राखण झाली नाही तर बाकीची मेहनत वाया जाते.

75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन, कपाशी पेरू नका. पेरणी उताराला आडवी करा.

गावाजवळच्या पात्रातून बेकायदा रेती निघत असेल तर ग्रामसभेत विषय घ्या आणि तलाठ्याकडे लेखी तक्रार द्या. तळ खोल गेला की काठाचा पाया उघडा पडतो, मग वर लावलेला वाळा आणि बांबूही दरडीसोबत खाली येतो.