आईची उंची भिंतीवर मोजा

गुडघे दुखले की हाडं ठिसूळ झाली, हा समज घरोघरी आहे. गुडघेदुखी बहुधा सांध्यांच्या झिजेची असते. ठिसूळ झालेलं हाड मोडेपर्यंत गप्प बसतं. पाठीचा मणका तर दबला तरी अनेकींना कळत नाही. "वय झालं, वाकली" म्हणून आपण सोडून देतो.

पण मणका दबला की उंची घटते, म्हणून सुरुवात भिंतीपासून. आईला चप्पल काढून, अंबाडा सोडून, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून उभं करा. डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरा, पेन्सिलीने खूण करा, टेपने मोजा. तरुणपणची उंची आठवत नसेल तर लग्नाचा फोटो काढा: तेव्हा बाबांच्या कुठवर लागायची, आता कुठवर लागते? चारेक सेंटिमीटर गेले असतील तर डॉक्टरांना दाखवाच. उभ्या उभ्या पडून मनगट मोडलं असेल, पाळी 45च्या आत गेली असेल किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या तीन महिन्यांहून जास्त चालू असतील, तर उंची शाबूत असली तरी जा.

डॉक्टर बहुधा कंबर आणि खुब्याची डेक्सा तपासणी, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे, सांगतील. दुखत नाही, सुई नाही. त्यात येणारा टी-स्कोर (तरुण, निरोगी हाडांशी तुलनेचा आकडा) उणे 1 किंवा वर असेल तर ठीक, उणे 2.5 किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. शिबिरात टाचेवर यंत्र लावून जो आकडा देतात, त्यावर औषध सुरू करू नका.

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीच्या दोन भाकऱ्या आणि दोन पेले दूध-दही यांत आठशेच्या आसपास भरतं. वर तिळाची चटणी. उरलेल्यापुरतीच गोळी, तीही डॉक्टरांना विचारून. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत घ्यायचं; लोहाची गोळी वेगळ्या वेळी, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक असते. ती चुकून रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या होतात, मूत्रपिंडालाही इजा होते. पाकिटावर वार लिहून ठेवा.

रोज चालणं, जिने चढणं हवंच. पण हाड मोडतं ते बहुधा पडल्यावर. संडासाच्या वाटेवर रात्री छोटा दिवा ठेवा, आणि मोरीच्या दारातलं ते सरकणारं पायपुसणं आजच उचला.