पाटी वाचू नका, तोफा मोजा: जुनं लढाऊ जहाज ओळखताना या चुका टाळा

मराठवाड्याला समुद्र नाही, तरी जुन्या वाड्यांच्या माळ्यावर शिडाच्या लढाऊ जहाजांची मॉडेलं निघतात. मग फोन येतो, "सर, जहाज सापडलंय, किती येतील?" अहो, आधी ते कोणतं ते तर ठरू द्या.

सगळ्यात नडते ती बैठकीवरची पितळी पाटी. जालन्यातल्या एका घरी आजोबांच्या काळचं जहाज होतं, पाटीवर 'व्हिक्टरी', म्हणजे एका प्रसिद्ध ब्रिटिश लढाऊ जहाजाचं नाव. नातवाने मोबाइलवर फोटो पाहिले, पेंटरकडून काळे-पिवळे पट्टे मारून घेतले आणि मग मला बोलावलं. मी तोफांच्या खिडक्या मोजल्या. एकच रांग! १७६५ साली पाण्यात उतरलेल्या खऱ्या व्हिक्टरीवर तोफांचे तीन मजले आहेत. हे सरळसरळ फ्रिगेट होतं, म्हणजे तोफांचा एकच मुख्य मजला असलेलं लहान लढाऊ जहाज. पाटीचे स्क्रू अधिकच्या चिन्हासारख्या (+) खाचेचे, म्हणजे १९३० च्या दशकानंतरचे. पाटी मागाहून ठोकलेली. "पॉलिशपेपर मारूनच रंगवलंय, सर," पोरगा सांगत होता. ज्या जुन्या रंगावरून काळाचा अंदाज आला असता, तोच घासून गेला होता. पोराचा जहाजावर जीव होता, म्हणून जास्तच वाईट वाटलं. आठ दिवस दम धरायला हवा होता.

मी पहिल्या दिवशी हातच लावत नाही. खिडकीच्या उजेडात चारही बाजूंनी फोटो, मग तोफांच्या रांगा. नाळेवरच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरच्या, तिरक्या काठीच्या टोकाला छोटी उभी डोलकाठी असेल, तर ते जहाज अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं किंवा त्याआधीचं. ब्रिटिश जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे दिसले, तर बहुधा १७८० च्या आसपासचं किंवा नंतरचं. पण हा झाला जहाजाचा काळ. मॉडेल कधी बनलं हे स्क्रू, प्लायवूड आणि खिळे सांगतात. या दोन गोष्टींची गल्लत जाणतेही करतात.

ब्रिटिश झेंड्यात लाल तिरकी फुली असेल तर तो १८०१ नंतरचा. मात्र झेंडे बदललेले असतात, त्यावर विसंबू नका.

हाडाचं मॉडेल मिळालं तर फुटपट्टी बाजूला ठेवा. नेपोलियनच्या काळात इंग्लंडमधल्या फ्रेंच कैद्यांनी अशी पुष्कळ बनवली, त्यांची मापं काटेकोर नसतात.

तोफांवर पांढरी भुकटी दिसली तर फुंकू नका. ते गंजलेलं शिसं असू शकतं, विषारी.

तुटलेले दोर फेकू नका, पाकिटात ठेवा.

मॉडेल शंभर वर्षांहून जुनं वाटलं, तर परदेशी गिऱ्हाईक शोधण्याआधी १९७२ चा पुरावस्तू कायदा समजून घ्या.

आणि मे महिन्यात जहाज कूलरसमोर मांडू नका. दिवसा ओल, रात्री कोरडं, असं आठवडाभर चाललं की फळ्यांचे सांधे उकलतात.