पहिल्या चाचणीच्या आधी काय काय तयार हवं

अल्पसंख्य समाजांतून विज्ञान शाखेत येणाऱ्या मुलामुलींसाठी ओरिएंटेशन ठरवायला बसलात, की हारतुरे आणि भाषणं नंतर बघा, आधी मेंटॉर नक्की करा. प्रवेशयादी हाती येताच प्रत्येकाला एक प्राध्यापक आणि वरच्या वर्गातला एक सीनियर नेमून द्या. एका सीनियरकडे तीन-चार जण पुरेत, आणि त्याच्या वेळेचं मानधन अंदाजपत्रकात धरा. शिष्यवृत्तीचे अर्ज, पुस्तकं, लॅब कोट यांची सोय पहिल्याच आठवड्यात उरकून टाका.

गणिताच्या जादा तासांना मात्र सवड काढा. १९७०च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात यूरी ट्राइसमन यांनी कॅल्क्युलसमध्ये अडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची अभ्यासाची पद्धत जवळून पाहिली. मेहनतीत ती मुलं कमी नव्हती, पण बहुतेक जण एकेकटी अभ्यास करत. चिनी वंशाची मुलं एकत्र बसत, एकमेकांची गणितं तपासत. ट्राइसमन यांनी मग उजळणीचे वर्ग न घेता गटाने सोडवायची अवघड गणितं दिली, आणि निकाल सुधारले. म्हणून ‘कच्च्या मुलांचा वर्ग’ हे शब्द सूचनाफलकावर किंवा कोणाच्या तोंडी येऊ देऊ नका. त्या शब्दांनी होणारं नुकसान चांगल्या शिकवण्यानेही भरून निघत नाही. पाच-सहा जणांचे गट करा, खोलीत फळा हवाच, आणि उत्तर सांगायची घाई नको, हे शिकवणाऱ्याला आधीच बजावून ठेवा.

पहिल्या प्रॅक्टिकलच्या आधी एक दुपार लॅब मोकळी ठेवा. ब्युरेट भरणं, मायक्रोस्कोप जुळवणं, सगळं ज्याचं त्याला करू द्या. काही फुटलं तर दंड नाही, हे सुरुवातीलाच सांगा. शाळेत कपाटाच्या काचेतूनच उपकरणं पाहिलेल्या मुलांचा हात यामुळे मोकळा होतो.

चाचणीचे गुण लागले की त्याच आठवड्यात भेट ठरवा आणि निरोप मेंटॉरने स्वतः द्यावा. कमी गुण मिळालेलं मूल आपणहून दार वाजवेल ही अपेक्षा चुकीची आहे. मदत मागितली तर आपण इथल्या लायकीचे नाही असं दिसेल, ही धास्ती त्याला असते.

आणि संशोधनाचं तिसऱ्या वर्षावर ढकलू नका. मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेत १९८८मध्ये स्थापन झालेल्या मायरहॉफ स्कॉलर्स कार्यक्रमात उन्हाळी वर्ग, एकत्र अभ्यास आणि लवकर मिळणारा संशोधनाचा अनुभव यांची सांगड घातलेली आहे. तुमच्या विभागातले कोणते प्राध्यापक सुट्टीत पहिल्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला आपल्या लॅबमध्ये घेतील, हे आत्ताच विचारून त्यांची नावं लिहून घ्या.