लाईन संध्याकाळी फुल होते? पंप्ड स्टोरेज लावायच्या आधी हे बघा

नवी ४०० केव्हीची लाईन टाकायची म्हणजे जंगल खात्याची परवानगी, शेतकऱ्यांचा मोबदला, टॉवरच्या जागा, यात वर्षं जातात आणि तोवर मागणी काही थांबत नाही. पंप्ड स्टोरेज, म्हणजे लाईन मोकळी असताना पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि गरजेला तेच खाली सोडून वीज बनवायची, इथे खरंच कामाला येतं, फक्त आधी लाईनचा तासातासाचा लोड काढा, वर्षभराचा, नुसता सर्वात जास्त लोडचा आकडा धरून बसू नका. रोज चार-पाच तासच लाईन भरत असेल तर पुढे जा. दिवसभर भरलेली असेल तर वरचं धरण भरायला वीज आणणार कुठून, तिथे नवी लाईनच लागते.

मग बाजू ठरवा, सगळा खेळ इथेच आहे. शहराला वीज कमी पोचत असेल तर स्टोरेज शहराच्या बाजूला हवं, म्हणजे रात्री लाईन मोकळी असताना पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी शहराच्याच बाजूला वीज बनवायची. सोलर पार्कची वीज अडकत असेल तर पार्कच्या बाजूला. तिथे चुकून शहराकडे लावलंत तर दुपारी पंपाची वीजही त्याच तुंबलेल्या लाईनवरून येणार!

आता हिशोब. समजा लाईन १००० मेगावॉटची, संध्याकाळी ५ तास मागणी १२००, रात्री ८००. २०० मेगावॉट ५ तास, म्हणजे कमी पडतात १००० मेगावॉट-तास. पाणी चढवून परत वीज बनवण्यात वीस-पंचवीस टक्के वीज जाते, म्हणून पंपाला साधारण १३०० मेगावॉट-तास लागतील, रात्री २०० मेगावॉट मोकळे म्हणजे साडेसहा तास. दोन धरणांत ४०० मीटर उंचीचा फरक असेल तर पाणी लागतं अंदाजे १० लाख घनमीटर. सह्याद्रीत अशी उंची मिळते, घाटघरला वरचं धरण अकोले तालुक्यात, खालचं शहापुरात चोंढ्याला, १२५ मेगावॉटची २ युनिट.

मशीन निवडताना एक बघाच, फिक्स स्पीडचं युनिट पंपिंगला पूर्ण लोड घेतं नाहीतर बंद, मधलं काही नाही. लाईनवर थोडीच जागा असेल तर उत्तराखंडातल्या टिहरीसारखं व्हेरिएबल स्पीड, म्हणजे वेग आणि लोड कमी-जास्त करता येणारं घ्या, महाग पडलं तरी.

आणि करारात युनिट कधी चालवायचं हे सांगायचा लोड डिस्पॅच सेंटरचा (ग्रिड सांभाळणाऱ्या केंद्राचा) हक्क स्पष्ट लिहून घ्या, कारण मालक बाजारभाव बघून चालवणार आणि लाईन भरलेल्या तासाला भाव चढाच असेल असं नाही. वर अर्ध्या तासाचं पाणी कायम राखून ठेवायची अटही घाला, लाईनच्या दोन सर्किटांपैकी एक ट्रिप होऊन बंद पडलं की दुसऱ्यावरचा भार उतरवायला तेवढं हाताशी लागतं.