स्विच-पिच कन्व्हर्टर: कार्ब्युरेटर उघडण्याआधी एक वायर बघा

1965 ते 67 च्या बऱ्याच ब्युइक, ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅक गाड्यांच्या टर्बो 400 ऑटोमॅटिक गिअरबॉक्सात हा स्विच-पिच टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग. आतल्या स्टेटरची, म्हणजे ऑइलला वळवणाऱ्या चाकाची, पाती दोन कोनांत फिरतात. सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला) करंट मिळाला की पाती जास्त तिरपी होतात, स्टॉल वाढतो, म्हणजे इंजिन वरच्या आरपीएमला जाऊन जोर लावतं. करंट गेला की घसरण कमी, हायवेवर इंजिन शांत.

घोळ असा, की सोलेनॉइडची वायर तुटली तरी गाडी चालते. नुसती सुस्त होते. मग दोष इंजिनला!

इथे मिशिगनमध्ये एका मित्राने 1966 ची ब्युइक रिव्हिएरा घेतली. 425 घन इंचांचं धिप्पाड इंजिन, पण सिग्नलला हलायला तयार नाही. गड्याने कार्ब्युरेटर खोलला, टायमिंग हलवलं, शेवटी कॅमशाफ्टच बदलायची भाषा सुरू केली. मी गाडीखाली शिरलो. गिअरबॉक्सच्या डाव्या अंगाला दोन पिनांचा कनेक्टर असतो, एक पिन किकडाउनची (पेडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर टाकणारी), दुसरी स्टेटरची. स्टेटरची वायर कुणीतरी कापून, वर टेप गुंडाळून, छान खोचून ठेवली होती. जोडल्यावर गाडीने जी उडी घेतली, त्यानंतर कॅमशाफ्टचा विषय निघाला नाही.

माझी सवय सांगतो. इंजिन बंद, इग्निशन चालू, स्टेटरच्या पिनेला टेस्ट लॅम्प, आणि कार्ब्युरेटरचं लिंकेज हाताने हलवायचं. आयडलला लॅम्प लागला पाहिजे, थोडं उघडलं की विझला पाहिजे, जवळजवळ पूर्ण उघडल्यावर पुन्हा लागला पाहिजे. नाही लागला तर आधी लिंकेजवरचा स्विच सेट करा. हे दहा मिनिटांचं काम सोडून लोक महिनाभर इंजिन का उकलत बसतात, देव जाणे.

दुसरा लाडका उद्योग म्हणजे स्टेटर हाताने चालू-बंद करायला डॅशबोर्डवर टॉगल स्विच. लावा, पण हायवेवर तो चालूच राहतो आणि ऑइल तापून जळतं. वास आला की उशीर झालेला असतो.

1968 नंतरचा एक पिनेचा गिअरबॉक्स 'तसाच आहे' म्हणून घेऊ नका. आत स्विच-पिच नसतं. साधा कन्व्हर्टरही इथे बसत नाही, पंप आणि इनपुट शाफ्ट वेगळे आहेत.

कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात पूर्ण बसला नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका, पंप फुटतो.

स्टॉल टेस्ट (ब्रेक दाबून, गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल) पाच सेकंदांच्या वर नको. ऑइल मोजताना इंजिन गरम आणि चालू, गिअर पार्कमध्ये.