अमेरिकेत मेडिकलला अर्ज केलाय आणि इंटरव्ह्यूचा मेल येत नाहीये? तोवर हे करा

पुण्यातल्या मावशीला हे समजावणं महाकठीण, कारण तिच्या डोक्यात नीटचा स्कोअर, कॅप राऊंड, कॉलेज, संपलं. इकडे मे-जूनमध्ये ॲमकासचा, म्हणजे बहुतेक मेडिकल कॉलेजांसाठीचा एकच सामाईक, अर्ज भरा, जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक कॉलेज वेगळे मागतं ते सेकंडरी निबंध लिहा आणि मग महिनोन्‌महिने कोणी काही बोलतच नाही.

आधी बघा की तुमची फाइल खरंच पूर्ण झालीय का. निबंध पाठवला म्हणजे झालं असं नसतं. एखादं शिफारसपत्र पोचलेलं नसतं, कॅस्परचा (काही कॉलेजं मागतात त्या, प्रसंग देऊन तुम्ही काय कराल विचारणाऱ्या ऑनलाइन परीक्षेचा) स्कोअर त्या कॉलेजला पाठवायचा राहिलेला असतो, आणि कॉलेज काही आठवण करून देईलच असं नाही, तुमचा अर्ज नुसता पडून राहतो. प्रत्येक पोर्टलमध्ये जाऊन स्टेटस बघा, शंका असेल तर ॲडमिशन ऑफिसला दोन ओळींचा मेल टाका. एच-4 वर (एच-1बी वाल्यांच्या नवरा-बायको-मुलांचा व्हिसा) असाल तर ते कॉलेज तुमच्या व्हिसावाल्यांना घेतं का हेही बघून घ्या, बरीच सरकारी कॉलेजं घेत नाहीत.

मग मेल. स्पॅम फोल्डर रोज बघा, आणि ग्रॅज्युएट झाल्यावर बंद होणारा कॉलेजचा ईमेल दिला असेल तर आजच बदला. बोलावणं आलं की तारीख लगेच घ्या, चांगले स्लॉट पटापट जातात.

आता कॅलेंडर. इंटरव्ह्यू साधारण ऑगस्ट-सप्टेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतात, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये काहीच आलं नाही म्हणजे नकार आला असं धरू नका, विशेषतः तुमची फाइल सप्टेंबरात पूर्ण झाली असेल तर. मैत्रिणीला तिसरा मेल आला हे ऐकून काळीज जळतं, जळू दे, तिची कॉलेजं वेगळी आणि तिचं राज्यही वेगळं.

अपडेट लेटर पाठवायचं असेल तर आधी ते कॉलेज घेतं का वाचा, काही जण स्पष्ट नको म्हणतात. सांगण्यासारखं नवीन असेल तरच पाठवा, म्हणजे नवी नोकरी, छापून आलेला पेपर, क्लिनिकमधलं नवं काम. एक पान पुरे. "मला तुमच्याकडे यायची फार इच्छा आहे" एवढंच लिहायचं असेल तर माझ्या मते राहू द्या. आणि "घेतलंत तर नक्की येईन" हे एकाच कॉलेजला लिहायचं, तेही शक्यतो इंटरव्ह्यू झाल्यावर.

एमएमआयची, म्हणजे एकामागून एक होणाऱ्या छोट्या-छोट्या इंटरव्ह्यूंची, तयारी मात्र बोलावण्याआधीच सुरू करा, कारण कधीकधी हातात जेमतेम आठवडाच मिळतो. मित्राला समोर बसवा, प्रश्न वाचायला दोन मिनिटं, बोलायला सहा-सात, आणि फोनवर रेकॉर्ड करा. स्वतःला ऐकणं भयंकर असतं पण "म्हणजे… अं…" किती वेळा येतं ते तेव्हाच कळतं.

जानेवारी संपत आला तरी एकही बोलावणं नसेल तर पुन्हा अर्ज करायचा विचार चालू करा, एमकॅटचा (इथल्या मेडिकल प्रवेशपरीक्षेचा) स्कोअर पुढच्या वर्षी चालतो का तपासा, बरीच कॉलेजं दोन-तीन वर्षांपर्यंतचाच घेतात.